दुपारी सही न करणारे सर

दुपारी बारा ते चार या वेळात सर कशावरही सही करीत नसत. रजेच्या अर्जावर नाही, बिलावर नाही, पोस्टमनच्या कागदावरसुद्धा नाही. होळी झाली की त्यांच्या टेबलावर एक पुठ्ठा उभा राही. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं असे, 'ऊन उतरल्यावर भेटा.' आमच्या अकोल्याच्या कॉलेजात ते अमरावतीहून बदलून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक कागद घेऊन भर दुपारी त्यांच्यापुढे उभी राहिले. मी विभागातली सगळ्यात धाकटी प्राध्यापिका आणि ते विभागप्रमुख. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, माझी दुपारची सही अन् दारुड्याची सही सारखीच समजा. तिच्यावर भरोसा ठेवू नका."

मला वाटलं, माणूस नंबरी आळशी दिसतो. मग कळलं की हा गृहस्थ पहाटे चारपासून कामाला बसलेला असतो, आणि आयुष्यभर त्याने अभ्यास केलाय तोही याच गोष्टीचा, की उन्हाने माणसाच्या कामाचं आणि डोक्याचं काय होतं. सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचा विषय होता हवामान बदल. स्वतःचं संशोधन आधी स्वतःला लावून बघणारा दुसरा प्राध्यापक मी अजून पाहिलेला नाही. आम्ही बाकीचे वर्गात बचतीचे धडे देतो आणि पगार झाला की मॉल गाठतो.

हा नियम त्यांनी घरीही पाळला होता. त्यांचं घर अमरावतीला राजापेठेत, खाली ट्यूशन क्लास आणि जिन्यापर्यंत पोरांच्या गाड्या लावलेल्या. मुलीला पाहायला मे महिन्यात नागपूरची मंडळी आली आणि नेमकी दुपारी एकला टपकली. सरांनी त्यांना आंब्याचा रस पाजला, कुलरसमोर सतरंज्या घातल्या आणि सांगितलं, "झोपा." मुलाचे वडील चाचरत म्हणाले, बोलणी करून निघावं म्हणतो. सर म्हणाले, "दुपारी कोणी सोयरीक करते काय राजेहो? डोकं तापलं असलं की माणूस एक तर भांडते, नाही तं कशालेही हो म्हणते." मंडळी पाचपर्यंत ढाराढूर झोपली. सहाला चहा झाला आणि सातला लग्न ठरलं. मुलाचे वडील पुढे जो भेटेल त्याला सांगायचे की इतकी शांत बैठक आमच्या खानदानात झाली नाही.

सर दिसायला उंच, सावळे. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा असा गुंडाळत की फक्त चष्मा दिसे. वॉचमन नवा असला की त्यांना फाटकावर हमखास अडवी. खिशात कांदा ठेवलेला. ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा ही आमच्याकडची जुनी रीत, पण पीएच.डी. झालेल्या माणसाने ती पाळावी? मी एकदा म्हटलंच, "सर, कांद्याला पुरावा काय?"

"काही नाही," सर म्हणाले, "पण जेवताना कामी येते."

दिल्लीला एका परिषदेला गेले तेव्हा दारावरच्या तपासणीत तो कांदा निघाला. पहारेकऱ्याने दरडावून विचारलं, ये क्या है? सर गंभीरपणे म्हणाले, "ये हमारा इन्शुरन्स है, भाऊ." मग आत जाऊन त्यांनी उन्हाच्या किमतीवर पेपर वाचला आणि म्हणे टाळ्या घेतल्या.

पोरं त्यांना 'काहून सर' म्हणत. कारण तुम्ही काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द 'काहून?' मान्सून लांबला. काहून? कापूस घटला. काहून? सर, मी आज वर्गात नव्हतो. काहून? एकदा एका हुशार पोराने लिहिलं की सरासरी तापमान फारसं वाढलेलं नाही, तेव्हा त्याचा पेपर सरांनी वर्गात वर धरला आणि म्हणाले, "सरासरीले घाम येत नाही, बावा. घाम येते तो तुह्या बापाले. कोणत्या दिवशी, किती वाजता अन् काय करताना, ते लिहून आण." पोरगा वरमला, पण पुढे त्याच विषयावर त्याने सरांकडेच पीएच.डी. केली.

या विषयामुळे सरांनी बोलणीही पुष्कळ खाल्ली. अर्थशास्त्राची मंडळी म्हणायची की हे भूगोलवाल्यांचं काम, आणि भूगोलवाले म्हणायचे की आमच्या वावरात काहून घुसता. बढतीच्या मुलाखतीत एका तज्ज्ञाने विचारलं, उन्हाचा आणि अर्थशास्त्राचा संबंध काय? दिवस मे महिन्यातले. सर उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. "पाच मिनिटं थांबा साहेब, संबंध येतेच." पाच मिनिटांत सगळी समिती रुमालाने मान पुसू लागली आणि सरांना घरी पाठवण्यात आलं. पुढची मुलाखत जानेवारीत पडली, त्यात ते निवडले गेले. हा किस्सा सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार मुळीच नसे, असे तो विजयच. "माणूस तोच, बायोडाटा तोच. मे महिन्यात नापास अन् जानेवारीत पास. आता अजून कोणता पुरावा देऊ?"

आमची संस्था स्वायत्त; अमरावतीचं आणि अकोल्याचं कॉलेज तिचंच. दोन्हीकडे परीक्षा आमच्या आम्हीच घेतो. सरांनी अमरावतीला असताना जुने निकाल काढून दाखवून दिलं होतं की एप्रिलच्या दुपारी ज्यांचे पेपर होतात त्यांचे गुण पडतात. ज्या दिवशी ऊन जास्त, त्या दिवशी जास्त पडतात. तो लेख त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या मासिकाला पाठवला. तिथल्या परीक्षकाने लेखाची वाखाणणी करून शेवटी एकच ओळ लिहिली की असं आहे, तर तुमच्याकडे परीक्षा दुपारी का घेतात?

सर ती ओळ दाखवत फिरले. "पाहा, गोऱ्यानंही काहूनच विचारलं!" हसले, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि ते त्यांना टोचलं. शोध घेतला तेव्हा निघालं ते असं. पूर्वी सकाळी इमारतीत ज्युनिअर कॉलेज भरायचं, म्हणून परीक्षा दुपारी दोनला ठेवली होती. ज्युनिअर कॉलेजला स्वतःची इमारत मिळून जमाना झाला होता. ते गेलं आणि दोनची वेळ तेवढी दोन्ही कॉलेजांत मागे राहिली. लेख छापून आला, पण सरांचं समाधान होईना. त्यांनी प्राचार्यांच्या मागे असा लकडा लावला की प्राचार्यांनी कंटाळून संस्थेकडून त्यांची बदली आमच्या अकोल्याला करून टाकली. शिक्षाच होती ती. सर मात्र पेढे घेऊन आले. म्हणाले, "अमरावतीपेक्षा इथं ऊन कडक. अभ्यासाले चांगलं!"

आता मी या प्रकरणात कशी ओढली गेले ते सांगते. सर यायच्या आधीच्या उन्हाळ्यात माझ्या हॉलमध्ये एक मुलगी उत्तरपत्रिकेवर डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, अभ्यास नसेल झाला. जवळ गेले तर तिला डोळे उघडवत नव्हते. टिनाचं छत, वर पंखा, आणि पंखा गरम हवाच ढवळत होता. मुलगी हुशार होती. चार ओळी लिहून गेली. सरांनी वेळ बदलायचं काढलं तेव्हा मी हात वर केला आणि आकडेमोडीचं सगळं काम अंगावर घेतलं.

विरोधात उभे राहिले आमचे परीक्षा नियंत्रक. गणिताचे, इस्त्रीच्या शर्टाचे, वेळेचे पक्के. माणूस वाईट नव्हता, पण टाइमटेबल म्हणजे त्यांना देवाचं सोवळं. परीक्षा मंडळाची बैठक झाली. सरांच्या आग्रहाने ती सकाळी झाली हे सांगायला नको. सरांनी पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढून टेबलावर ठेवल्या. एक टवटवीत, दुसरी आदल्या दुपारी परीक्षा हॉलच्या बाकावर तीन तास ठेवलेली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मी हिवरखेडचा," सर म्हणाले. "आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या भाजीपाला. तोडलेल्या भाजीनं ऊन पाहायचं नाही हा घरचा कायदा. पहाटे माल बाजारात पोचलाच पाहिजे. मेथीले ऊन लागू नये म्हणून घरचं आख्खं खटलं रात्री उठते, अन् पोट्ट्याईले आपण दुपारी दोनले बोलावतो. काहून?"

नियंत्रकांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "सर, मेथीला एसटी लागत नाही."

सगळे हसले, सरही हसले. पण मंडळाने एका चाचणी परीक्षेपुरती सकाळी सातची वेळ मंजूर केली. त्या दिवशी सर साखर वाटत फिरले. मीही वाटली.

आणि आम्ही सपशेल आपटलो. चाचणीच्या दिवशी सात वाजता शहरातली पोरं हॉलमध्ये होती आणि तेल्हारा, हिवरखेड बाजूचे बाक ओस पडले होते. सर फाटकात उभे. सव्वासात, साडेसात. पेपर संपत आला तेव्हा एसटीतून उतरलेली पोरं धावत आली. पुढे एक मुलगी होती, हिवरखेडचीच. सरांच्या तोंडून सवयीने निघालं, "काहून?"

"सर, आमची पहिली गाडीच सात वाजता सुटते," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

सरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. हिवरखेडचा माणूस, गावाच्या मेथीचं वेळापत्रक तोंडपाठ, आणि गावाची पहिली एसटी किती वाजता निघते हे त्याच्या ध्यानात नव्हतं. उन्हाचा अंशन् अंश मोजला होता, रस्ता मोजायचा राहून गेला होता. ज्या पोरांसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच बुडाली. सर सरळ नियंत्रकांकडे गेले आणि म्हणाले, "चूक माही आहे. या पोट्ट्याईची चाचणी पुन्हा घ्या. अन् तुमी बरोबर होते." नियंत्रकांनी चाचणी पुन्हा घेतली. दुपारी दोनला.

दुसरा कोणी असता तर तिथे थांबला असता. सरांनी पुढच्या वर्षी वार्षिक परीक्षाच सकाळी घ्यायचा प्रस्ताव आणला. मंडळ वैतागलं. शेवटी अट पडली की वेळेमुळे एकही विद्यार्थी गैरहजर राहिला तर परीक्षा कायमची दोनला, आणि सरांनी हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाही. कागद त्यांच्यापुढे सरकवला गेला. सरांनी घड्याळ पाहिलं, दहाच वाजले होते. सही केली.

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, "सर, पोरं आणणार कशी? एसटीवाले आपल्यासाठी गाडी सोडणार आहेत का?" अर्ज करून झाले होते, उत्तर आलेलं नव्हतं.

"त्याईनं काय म्हटलं होतं? मेथीले एसटी लागत नाही," सर म्हणाले. "मंग मेथी येते कशी, मॅडम?"

मेथी येते पिकअपने. त्या पट्ट्यातल्या गावागावातून पहाटे मालाच्या गाड्या निघतात आणि उजाडायच्या आत अकोल्याच्या बाजारात लागतात. एक गाडी सरांच्या सख्ख्या थोरल्या भावाची. आम्ही दोघं एका रविवारी हिवरखेडला गेलो. भाऊ अंगणात वांग्यांची रोपं निवडत बसले होते. सरांनी सगळं समजावलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही जमत. मालाच्या गाडीत पाय? खायची वस्तू हाय ते. माह्या गाडीत आजवर चप्पल चढली नाही."

"पोट्टे चपला हातात घेतीन," सर म्हणाले.

"अन् पोरी? लोकाच्या पोरी मी अंधारात नेऊ? गाव काय म्हणंल?"

"पोरींसंग त्याईच्या माया बसतीन. अन् या मॅडम आज घरोघरी जाऊन सांगतीन."

मला हे आत्ताच कळत होतं. मी सरांकडे डोळे वटारून पाहिलं, पण भाऊ आता माझ्याकडे पाहत होते. "तुमी सांगसान?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगीन. मग तो रविवार आणि त्यानंतरचे कितीतरी रविवार मी गावोगावच्या ओसऱ्यांवर चहा पीत काढले. फुलं, फळं, भाजी पिकवणारी घरं होती ती. त्यांना पहाटेचं अप्रूप नव्हतं. एक बाई तर मला म्हणाली, "मॅडम, आमी रोजच उठतो. पोरगी झोपली राहते म्हणून शिव्या देतो." नाही म्हणणारे भेटले, टाळणारे भेटले. पण एकाने हो म्हटलं की शेजारचा म्हणे, मग माह्या गाडीत काय काटे हायेत? वऱ्हाडी माणसाला एकदा ईर्ष्या चढली की त्याला समजवावं लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी पहाटे आम्ही फाटक उघडून उभे राहिलो. सरांनी वाचनालयात सतरंज्या टाकल्या होत्या, कँटीनवाल्याला पोहे करायला लावले होते. नियंत्रक हजेरीपट घेऊन आले, इस्त्रीच्या शर्टात. सर फाटक ते रस्ता फेऱ्या घालत होते.

पहिली गाडी आली. कोथिंबिरीचा वास आधी आला आणि मागून गाडी. मागच्या फळीवरून पोरं उतरली, चपला हातात, पाय उघडे. दुसरी गाडी झेंडूची. तिच्यातून आयांबरोबर उतरलेल्या मुलींच्या ओढण्यांना पाकळ्या चिकटलेल्या. मग तिसरी, चौथी. पोह्यांची कढई तळाला गेली. प्रवेशपत्रं हाती घेऊन पोरं हॉलकडे गेली. नियंत्रक एकेका नावापुढे खूण करीत होते.

साडेसहाला फक्त एक गाडी यायची राहिली, हिवरखेडची. सरांच्या भावाची.

फोन लागेना. पावणेसात झाले. नियंत्रक माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मी पाच मिनिटं इकडे-तिकडे करू शकतो. त्यापुढे नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झाले, पण पाच मिनिटांनी काय होणार होतं? सरांनी दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मी मनातल्या मनात भाऊंना हिवरखेडी भाषेत काय काय म्हणून घेतलं ते इथे लिहिता येणार नाही.

आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजला. एकसारखा, वरातीत वाजवतात तसा. भाऊंची गाडी थेट फाटकातून आत येऊन वाचनालयाच्या पायऱ्यांशी थांबली. पोरं उड्या टाकून उतरली, अनवाणीच हॉलकडे पळाली. पुढे तीच मुलगी, गेल्या वर्षी रडलेली. भाऊ खाली उतरले. हात ग्रीसने काळे, अंगावर धूळ. वाटेत टायर बसलं होतं. पोरांनीच गाडी ढकलून कडेला घेतली होती आणि चाक बदलायला हात लावला होता.

सरांचं लक्ष गाडीत गेलं. मेथी तशीच भरलेली होती. बाजार वाटेत पडतो, पण भाऊ तिथे लिलावासाठी थांबलेच नव्हते, आणि उन्हाची पहिली तिरीप जुड्यांवर पडायला लागली होती.

"दादा, माल?" सर म्हणाले. "हर्रास सुरू झाला असंल!"

"असू दे," भाऊ म्हणाले. "आज मेथीनं ऊन पाह्यलं तरी चालते."

सरांनी भावाला फाटकातच मिठी मारली. ग्रीसचे दोन पंजे सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटले आणि ते त्यांनी दिवसभर मिरवले. मला रडू आलं. का येऊ नये?

सातला घंटा झाली. नियंत्रक सगळ्या हॉलमध्ये स्वतः फिरून आले, सरांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी गैरहजरांच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक.' खाली सही केली. सर पायरीवर बसले आणि कढईच्या तळाशी उरलेले गार पोहे खाल्ले, सकाळपासून पहिल्यांदाच.

पण खरी मजा पुढेच झाली. साडेआठच्या सुमाराला शिपाई धापा टाकत आला. "साहेब, पुरवण्या संपल्या!"

दुपारच्या परीक्षेत पुरवण्यांचे गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता परत जायचे. मूळ उत्तरपत्रिकाच कोणाला भरवत नसे, जादा पानं मागतो कोण? आणि आता हॉलमधून हात वर होत होते. इकडून 'सर, पुरवणी', तिकडून 'मॅडम, पुरवणी', आणि टिनाखाली पेनांचा सरसर आवाज. मी दारातून पाहिलं. हिवरखेडची ती मुलगी मान खाली घालून लिहीत सुटली होती आणि डावा हात तिने पुरवणीसाठी आधीच वर धरून ठेवला होता.

पुरवण्यांचं कपाट मैदानापलीकडच्या कचेरीत आणि किल्ली नियंत्रकांच्या खिशात. शिपायाच्या हाती किल्ली द्यायचा त्यांचा रिवाज नव्हता. नोकरीच्या आयुष्यात कधी धावले नसतील असे आमचे नियंत्रक, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, किल्ल्यांचा जुडगा वाजवीत मैदानातून धावत सुटले. आणि सर पायरीवर उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल असे ओरडले,

"पळा साहेब, पळा! ऊन अजून कवळं आहे!"